मदत हवी आहे: विमानतळावर टॅक्सी लेन (विमानं जमिनीवरून चालतात तो रस्ता) ओलांडताना शेवटची ट्रॉली मधेच राहिली. कळवू की गप्प बसू?

ऊसवाला_रॅम्पवर
नमस्कार मंडळी. विमानतळावर बॅगांचा ट्रॅक्टर चालवतो. कंपनी कुठली, विमानतळ कुठलं, ते विचारू नका. त्याआधी फलटणकडं सहा हंगाम कारखान्याला ऊस ओढलाय, मागं दोन ट्रेलर घेऊन. तीच सवय नडली असं आता वाटतंय.

परवा रात्री पावणेतीनची गोष्ट. पाऊस होता. सर्व्हिस रोड टॅक्सी लेनला छेदतो तिथं थांबलो, डावीकडं मोकळं होतं. उजवीकडं लांब एक ए-३२० विमान उभं. त्याचा बीकन, म्हणजे लाल इशारा-दिवा, लुकलुकत होता, पण जमिनीवर चालताना लावायचा पुढचा टॅक्सी लाईट बंद. म्हटलं अजून टोबार (विमान ढकलायचा दांडा) काढतायत, वेळ आहे. निघालो, मागं चार ट्रॉल्या. ट्रॅक्टर पलीकडच्या रेषेला पोचला न पोचला तोच अंगावर लख्ख उजेड. विमान चालू लागलं होतं आणि माझी चौथी ट्रॉली अजून आतच! त्यांनी कचकन ब्रेक मारला, नाक खाली दबलेलं स्पष्ट दिसलं. मी तसाच पुढं गेलो.

सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, "लागलं का कुठं? नाही ना? मग सोड." तेव्हापासून झोप नाही.

ओल्या रात्री विमान उभं आहे की निघालंय हे ओळखायचं कसं? सगळ्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, दिव्यांचीच प्रतिबिंबं पडलेली असतात. आणि हे वर कळवलं तर माझा एडीपी, म्हणजे विमानतळाच्या आत गाडी चालवायचा परवाना, जाईल का? घरात कमावणारा मी एकटाच आहे.

डावी_खुर्ची
मी ए-३२० उडवते, म्हणून समोरच्या बाजूनं सांगते. टॅक्सी लाईट बंद म्हणजे विमान थांबलेलं, हे डोक्यातून काढून टाका. समोर मार्शलर (हातानं खुणा करून विमानाला वाट दाखवणारा) किंवा दुसरं विमान असेल तर त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आम्हीच तो बंद ठेवतो. तुमच्यासाठी खूण एकच, बीकन. तो आम्ही इंजिन सुरू करण्याआधी लावतो आणि इंजिनं बंद झाल्यावरच काढतो. तो लुकलुकतोय तोवर विमान कुठल्याही क्षणी निघणार असंच धरायचं.

शिवाय नाकासमोरची काही मीटर जमीन आम्हाला दिसतच नाही. ट्रॅक्टरवर निदान दिवा असतो, तुमच्या शेवटच्या ट्रॉलीवर काय होतं? पावसात ती काळ्यावर काळी.

आणि "लागलं नाही" म्हणणाऱ्या तुमच्या साहेबांना एक विचारा. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, आमच्या केबिन क्रूमधल्या मुली पॅसेजमध्ये उभ्या राहून सेफ्टी डेमो देत असतात. ७० टनांचं धूड कचकन थांबलं की आधी त्या आपटतात. परवा त्या विमानात कोणाला लागलं का, हे त्यांना कुठून कळलं?

मिसिसागाकर
आमच्या टोरांटो पिअर्सनला १० मे २०१९ ला मध्यरात्रीनंतर असंच झालं, फक्त ब्रेक मारायला कोणाला वेळ मिळाला नाही. सडबरीला निघालेलं डॅश-८ विमान खराब हवेमुळं परत आलं होतं. गेटकडं टॅक्सी करत असताना इंधनाच्या टँकरनं त्याला धडक दिली. काही जण जखमी झाले, जीव कोणाचा गेला नाही. पाऊस आणि अंधार होताच, पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: टँकरच्या पुढच्या बाजूला बसवलेल्या उचलत्या प्लॅटफॉर्मनं ड्रायव्हरची नजर अडत होती. आपल्याकडं पुण्यातही मे २०२४ मध्ये दिल्लीला निघालेलं विमान टगला (विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला) धडकलं होतं. भाऊ, तुमच्या केबिनचा खांब कुठं येतो, काच धुकते का, तेही बघा.

रॅम्पचा_म्हातारा
मी ३१ वर्षं रॅम्पवर (ॲप्रनलाच रॅम्प म्हणतात) काढली, आता निवृत्त. पोरा, तू विमान बघितलंस, स्वतःची शेपटी नाही बघितलीस. जरा हिशोब कर. ए-३२० चे पंख जवळजवळ ३६ मीटर, दोन्हीकडं मोकळी जागा धरून ५० मीटर पट्टा पार करायचा. तुझी गाडी चार ट्रॉल्यांसकट १८ मीटर धरू. म्हणजे शेपूट सुटेपर्यंत ६८ मीटर. ताशी १५ किमीनं हे सोळा-सतरा सेकंदांचं काम. तेवढ्यात १५ नॉट्सनं (ताशी साधारण २८ किमी) येणारं विमान सव्वाशे मीटर पुढं आलेलं असतं. उसाच्या गाडीला समोरचा एसटीवाला हॉर्न मारून थांबतो, इथं थांबणारा फक्त तूच.

ओळखायची जुनी युक्ती: रेषेवर पूर्ण थांब, खिडकी खाली कर, लांबचा एखादा खांब किंवा दिवा धर. विमान त्याच्यापुढून सरकतंय का बघ. पण बीकन चालू असेल तर तेही करत बसू नकोस, जाऊ दे त्याला. बॅगा दोन मिनिटं उशिरा गेल्या तर बोलणी बसतील, बसू देत.

कळवण्याचं म्हणशील तर आजच कळव, सेफ्टी विभागाला, लेखी. पायलटनं आधीच कळवलं असेल आणि तू गप्प राहिलास, तर एडीपी तेव्हा धोक्यात. स्वतःहून सांगितलंस तर बहुधा पुन्हा ट्रेनिंगला बसवतील. विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं, डीजीसीए, त्यांच्याकडंही ऐच्छिक कळवायची सोय आहे. सुपरवायझरचं वाक्य अर्जात घालू नकोस, ते विचारतील तेव्हा सांग.

ऊसवाला_रॅम्पवर
काका, ताई, मिसिसागाकर, आभारी आहे. आज ड्युटीच्या आधी उजेडी पावलांनी मोजलं, ट्रॅक्टरच्या नाकापासून चौथ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत २४ पावलं भरली. मी मनात पंधरा धरून चालवत होतो. शेवटच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर एका बाजूनं निघालेला, तो फोटोसकट अर्जात घातलाय. अर्ज दिला, पोच घेतली. सुपरवायझर बोलत नाहीये.

एक राहिलं. दोन ट्रॉल्यांच्या दोन फेऱ्या करू द्या असं मागितलं तर चालतं का? तुमच्या कुणाकडं करतात का तसं?