ए विंगसमोरची लॅजरस्ट्रोमिया: छाटायची की हलवायची?

सचिव: नमस्कार. मार्चनंतर ए विंगसमोर नवी ड्रेनेज लाइन टाकायची आहे. लॅजरस्ट्रोमियाची, म्हणजे गुलाबी गुच्छांची ती शोभेची, तिन्ही झाडं मधे येतात. माळीदादांचं म्हणणं, आता वरून खांद्याएवढी उडवू आणि एप्रिलमध्ये खोदकाम लागलं की उचलून क्लब हाउसजवळ लावू. कुणाची हरकत?

बी-३०२: माझी दोन्हीला हरकत आहे. नागपुरात एप्रिलमध्ये उपटलेलं झाड नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) बघायला उरत नाही. आणि खांद्याएवढं उडवणं दरवर्षी चाललंय, म्हणून तर त्यांची ही दशा झाली. आज खाली उतराल तेव्हा खोड बघा. खाली साल पापुद्र्यांनी सुटून आतून फिकट बदामी, गुळगुळीत अंग दिसतं. वर, बरोबर कापतात त्या उंचीला, मुठीएवढ्या गाठी आहेत. प्रत्येक गाठीतून काड्यांचा झुबका.

ए-१०४: ताई, छाटलं की फुलं जास्त येतात ना? द्राक्षाची नाही का दरवर्षी खरड छाटणी करत?

बी-३०२: काका, फूल नव्या फुटीवर येतं हे अगदी खरं. म्हणून हिवाळा सरताना छाटलं तरी बहर जात नाही. पण द्राक्षाच्या काडीला मांडवाची तार असते. इथे गाठीतून निघालेल्या लांब, बारीक काड्यांना आधार कशाचा? टोकाला गुच्छ आला, त्यात पावसाचं पाणी साचलं की काडी वाकते. जुलैत गुलाबी गुच्छ गाड्यांच्या बॉनेटवर लोळत होते, काही काड्या गाठीपासून फाटून लोंबत होत्या.
छाटायचं ते एवढंच: बुडातून आलेले फुटवे, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या आणि वाळलेल्या फांद्या. पेन्सिलीहून जाड फांदीचा शेंडा मारायचा नाही. गाठींवरच्या झुबक्यातल्या दोन-तीन जोमदार काड्या ठेवून बाकीच्या बुडापासून काढायच्या. दोन-तीन हंगामांत झाड पुन्हा आकार धरतं. कोयता नको, सिकेटर (छाटणीची कात्री) आणि लहान करवत पुरे.

सी-५०१: हे ताम्हणच ना? आपलं राज्यफूल? मग तोडायला बंदी असेल.

बी-३०२: ताम्हण याच कुळातलं, पण तो मोठा वृक्ष, उन्हाळ्यात जांभळा फुलतो. आपलं मूळचं चीनकडचं, लहान चणीचं. परवानगीचं मात्र बरोबर बोललात. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली शहरात झाड तोडायला किंवा हलवायला मनपाच्या उद्यान विभागाकडे अर्ज द्यावा लागतो. आज २८ डिसेंबर, अर्ज याच आठवड्यात जायला हवा.

ए-१०४: मी म्हणतो, मृग लागू द्या. आमच्या वडिलांनी सगळी झाडं पावसाळ्यातच लावली.

बी-३०२: काका, पिशवीतलं रोप असतं तर मीही पावसाळाच म्हटलं असतं. पण हे जमिनीत मुरलेलं झाड आहे. जुलैत ते पानाफुलांनी भरलेलं असतं आणि आपली काळी माती चिखल होते, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, हातात येत नाही, मुळांवरून घसरते. आत्ता पानं जवळपास गळाली आहेत, झाड झोपलंय. जानेवारीअखेर हलवलं तर उन्हाचा तडाखा वाढण्याआधी नवी मुळं धरायला वेळ मिळतो. आणि लाइनचं काम पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही.

बी-२०२ (सध्या डॅलस): इथेही ४० अंशांचा उन्हाळा असतो आणि लोक ही झाडं हिवाळ्यातच हलवतात. टेक्ससने १९९७ मध्ये याला राज्याचं झुडूप केलं, दर रस्त्याला आहे. शेंडे उडवायची खोड इथेही आहे, गाठी अगदी तशाच. ताईंचं ऐका.

सचिव: बरं, हुंडी केवढी लागेल? कॉन्ट्रॅक्टर दोन माणसं देतोय.

बी-३०२: दोन माणसांनी नाही होणार. खोडाचा व्यास ८ सेंमी आहे. हुंडी त्याच्या १० ते १२ पट रुंद, म्हणजे ८० ते ९६ सेंमी, आणि खोली ४५-५० सेंमी. वजन सहज ३०० किलोच्या पुढे जातं. खरं तर पावसाळा सरताच भोवती चर खणून मुळं कापून ठेवतात, म्हणजे हुंडीतच बारीक तंतुमुळं येतात. ती वेळ गेली, म्हणून हुंडीत कंजूषी नको. आदल्या दिवशी भरपूर पाणी, खणताना गोणपाट आणि सुतळीने घट्ट बांधणं, उचलताना खोडाला धरायचं नाही, फळीवर घ्यायचं.
नवा खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोल तेवढाच. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच राहिलं पाहिजे. खणलेलीच माती परत भरायची. लगेच खत नको. वर पालापाचोळ्याचा जाड थर, खोडापासून चार बोटं लांब. आणि क्लब हाउसच्या भिंतीच्या सावलीत मुळीच नको, तिथे भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येईल आणि फूल येणार नाही. समोरच्या लॉनच्या कडेला पूर्ण ऊन आहे, तिथे लावू.

खजिनदार: पाण्याचं काय? मे महिन्यात टँकर घ्यावा लागतो. आरओचं वाया जाणारं पाणी चालेल?

बी-३०२: त्यात क्षार जास्त असतात आणि काळ्या मातीत ते साचत जातात. नव्या मुळांना पहिलं वर्ष साधंच पाणी देऊ. पहिले दोन आठवडे रोज आळ्यात दोन बादल्या, सावकाश. पुढे माती बोटाने उकरून बघायची, दोन पेरं कोरडी लागली तरच. काळी माती उन्हाने भेगाळली तर मुळं तुटतात, म्हणून आच्छादन हलू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून हिरवी जाळी.
मार्चमध्ये फूट दिसली नाही तर कुणी घाईने "मेलं" म्हणू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. या वर्षी फुलं कमी येतील.

सी-५०१: छाटलेल्या काड्या टाकू नका, मुलांना हव्यात.

बी-३०२: जरूर! पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या पिशवीत खोचा, दोन डोळे वर ठेवा. सहज जगतात. आणि जुन्या खड्ड्यात राहिलेल्या मुळांनाही फुटवे येतील, ते लाइनवर वाढू द्यायचे नाहीत.

ए-१०४: पटलं, ताई. हुंडी बांधायला मी उभा राहीन, माळीदादांना समजावतो.

सचिव: अर्ज सोमवारी देतो, सोबत फोटो. कॉन्ट्रॅक्टरला सहा माणसं सांगतो. पाण्याच्या पाळ्या कोण घेईल?

सी-५०१: मंगळवार आणि शुक्रवार आमचे. कॉमन नळाचा पाइप लॉनपर्यंत पुरतो का, ते संध्याकाळी बघून सांगते.