हेक्झापॉड: नुसता सरकवला तर बरोबर, टिल्ट दिला की चुकतो, मदत हवी आहे

मंडळी, मोठ्या आरशाच्या सपोर्टसाठी सहा पायांचा हेक्झापॉड आहे (म्हणजे सहा लांब-आखूड होणाऱ्या पायांवर हलणारी प्लेट), सध्या वर तेवढ्याच वजनाचा डमी ठेवलाय (खऱ्या आरशाला इतक्यात कोणी हात लावू देणार नाही, आणि बरोबरच आहे). प्रत्येक पायाला खाली-वर युनिव्हर्सल जॉइंट (दोन आडव्या पिनांभोवती वाकणारा सांधा), मधे मोटर आणि ५ मिमी लीडचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात नट ५ मिमी सरकतो), फिरणं मोजणारा एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर.

एक्स, वाय, झेड कुठेही सरकवा, गेजवर २-३ मायक्रॉनच्या आत येतं. पण दोन अंश टिल्ट दिला की काही पाय १०-१५ मायक्रॉनने चुकल्यासारखे वागतात आणि शून्यावर परत आणलं की सगळं परत जागेवर, म्हणजे बॅकलॅश (स्क्रूतला ढिलेपणा) वाटत नाही. इन्व्हर्स कायनेमॅटिक्स (प्लेटच्या जागेवरून पायांची लांबी काढणं) साधंच आहे, वरचा बिंदू रोटेशन मॅट्रिक्सने फिरवायचा, प्लेटचं सरकणं मिळवायचं, खालचा वजा करायचा, व्हेक्टरची लांबी घ्यायची, त्यात चुकायला जागाच नाही. फॉरवर्डला (उलट, लांब्यांवरून प्लेटची जागा) जनरल केसमधे ४० पर्यंत उत्तरं निघतात हे माहितीये, पण सुरुवातीचा अंदाज जवळचा असल्यामुळे न्यूटन-रॅफसन (अंदाज सुधारत जायची पद्धत) पटकन योग्य उत्तरावर येतं. जॉइंटची केंद्रं परत कॅलिब्रेट करू का? खूप किचकट काम आहे म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद १:
कॅलिब्रेशन राहू द्या. केंद्रं चुकलेली असती तर सरकवतानाही थोडं तरी दिसलं असतं. तुमचा नट स्क्रूवर फिरतोय. प्लेट समांतर असताना खालच्या आणि वरच्या जॉइंटची वळणं एकमेकांना खाऊन टाकतात, टिल्ट दिला की तसं होत नाही, उरलेला पीळ नटावर येतो आणि मोटर न हलता पाय लांब-आखूड होतो. ५ मिमी लीडला एक अंश पीळ म्हणजे जवळपास १४ मायक्रॉन, आणि शाफ्टवरच्या एन्कोडरला याचा पत्ताच लागत नाही.

खात्री करायची तर झेडभोवती एक अंश फिरवा. सगळे स्क्रू एकाच हाताचे (आटे एकाच दिशेचे) असतील तर सहाही पाय एकाच दिशेने चुकतील आणि डमी सरळ वर किंवा खाली जाईल.

प्रतिसाद २:
+१. दोन्ही जॉइंटच्या पिनांच्या दिशा मॉडेलमधे घाला, प्रत्येक पायाचा पीळ काढा आणि तेवढं मोटरच्या कमांडमधे वजा करा. पायावरच लिनिअर एन्कोडर बसवता आला तर हा हिशेबच नको, पण जागा असते कुठे म्हणा.

मूळ धागाकर्ता:
फिरवून बघितलं, डमी वर गेला! स्क्रू सगळे उजव्या हाताचेच आहेत. पिनांचे कोन ड्रॉइंगवरून घेतले तर चालतील का प्रत्यक्ष मोजू?

प्रतिसाद १:
ड्रॉइंगवरून चालतील, दुरुस्तीच १५ मायक्रॉनची आहे, त्यात कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी गेजवर दिसणार नाही.