मदत हवी आहे: नव्या स्वयंपाकघरात धुराड्याची बांधीव चूल, कोणती आणि कुठं बसवावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर, शहराजवळच आमचं घर आहे. पाऊस उघडला की मागचं जुनं स्वयंपाकघर उतरवून तिथं स्लॅबचं नवीन बांधायचं ठरलंय. त्यात लाकडावरची एक कायमची बांधीव चूल हवी आहे. गॅस राहणारच आहे, रोजचा चहा-नाश्ता त्यावरच होईल. पण 2019 आणि 2021 च्या पुरात आमचा रस्ता पाण्याखाली गेला, सिलिंडर येईनात, आणि त्या काळात घर चाललं ते घरामागच्या परड्यातल्या तीन दगडांच्या चुलीवर. शिवाय जळण घरचंच आहे. बांधावरची बाभूळ-सुबाभूळ, आंब्याच्या वाळल्या फांद्या, म्हशीच्या शेणी. मटणाचं मोठं पातेलं आणि सणासुदीच्या भाकऱ्या आम्हाला चुलीवरच करायच्या आहेत.

अट एकच आहे आणि तिच्यात तडजोड नाही: घरात धूर राहता कामा नये. सासूबाईंना दमा आहे. उभी हयात त्यांनी धुराड्याविना चुलीपुढं काढली. डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवा म्हणून स्पष्ट सांगितलंय. धूर घरात येणार असेल तर मी चूल बांधणारच नाही.

आधी आमचे हे परदेशी बनावटीची, काचेच्या दाराची, भिंतीत बसवायची शेगडी बघून आले. युरोपात 1 जानेवारी 2022 पासून अशा बंद दाराच्या लाकडी शेगड्यांना किमान 65 टक्के कार्यक्षमतेची अट आहे, म्हणजे वस्तू चांगलीच असते. पण ती खोली तापवायला असते. आपल्याकडं थंडी पहाटेपुरती, आणि तिच्यावर भाकरी कुठं भाजायची? तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र मनात भरल्या: हवा कमी-जास्त करायची झडप, आणि दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरलेलं धुराडं.

आता खरी अडचण. स्वयंपाकघराच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचं दोन मजली घर आहे, मध्ये साधारण सहा फुटांची बोळ. धुराड्याचा सर्वसाधारण नियम असा वाचला की ते छतातून बाहेर पडतं तिथून किमान तीन फूट वर हवं, आणि आजूबाजूच्या दहा फुटांत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर हवं. तो नियम लावला तर पश्चिमेकडच्या भिंतीतलं धुराडं शेजाऱ्यांच्या गच्चीच्या वर न्यावं लागेल. तसं नाही केलं तर पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्यांच्या भिंतीवरनं आमच्या स्लॅबवर कोसळणार आणि धूर उलटा चुलीच्या तोंडातून घरात येणार. शिवाय त्यांच्या वरच्या खिडकीत जाणार तो वेगळाच. त्या घरात तान्हं बाळ आहे. म्हणून चूल पूर्वेला, परड्याच्या कोपऱ्यात घ्यावी असं मला वाटतं. तिथून शेजारची भिंत दहा फुटांपलीकडं जाते. गवंडीमामा म्हणतात की तो कोपरा चुलीला दिला तर परड्याचं दार सरकवावं लागेल. दार सरकलं तरी चालेल, पण माझा अंदाज बरोबर आहे का, हे वाऱ्याचा अनुभव असलेल्या कुणीतरी सांगा.

धुराडं भिंतीच्या आतून वर न्यावं की बाहेरून? आतून नेलं तर ते गरम राहतं, धूर जोरात वर खेचला जातो आणि काजळी कमी धरते, हे पटतं. मग स्लॅबमधून जाताना भोवती किती मोकळी जागा ठेवायची आणि आमच्याकडच्या पावसात तिथं गळू नये म्हणून काय करायचं? दुकानदार सिमेंटचा ॲस्बेस्टॉस पाइप पुढं करतात, स्वस्त पडतो म्हणून. तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, तेव्हा तो नकोच. स्टेनलेस स्टीलचा वापरलेल्यांनी व्यास सांगावा: चार इंची पुरतो का सहा इंची लागतो? आणि खालच्या बाजूला काजळी काढायचं दार ठेवलंय का?

चुलीच्या प्रकाराबद्दल. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेची लक्ष्मी चूल माहीत आहे. दोन भांड्यांची, धुराड्याची. पुढच्या भांड्याखाली जाळ, तिथून उष्णता मागच्या वैलाखाली (दुसऱ्या भांड्याच्या जागेखाली) जाऊन मग धुराड्यात. दुसरा पर्याय रॉकेट पद्धतीचा: जळणाची जागा लहान, सगळीकडून उष्णतारोधक, खाली जाळी, जाळ उभा चढतो. जळण कमी लागतं, पण लाकडं बारीक फोडून सारखी सारावी लागतात, आणि त्या अरुंद तोंडात शेणी कशा जाणार हा प्रश्न आहेच. भारतीय मानक 13152 मध्ये जाळाला हवा देणारा पंखा नसलेल्या चुलीला किमान 25 टक्के कार्यक्षमता (म्हणजे जळणातली तेवढी उष्णता भांड्याला मिळणं) आणि पंख्याच्या चुलीला 35 टक्के सांगितली आहे. पण ते सुट्या, उचलून ठेवायच्या चुलींसाठी. बांधीव चूल शेवटी बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

आणि भाकरी! यावर कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सविस्तर विचारते. तव्यावर एक बाजू झाली की आपण भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं उभी करतो, तिथं ती टम्म फुगते. त्यासाठी तोंड रुंद हवं आणि निखारे पुढं ओढता यायला हवेत. सुधारित चुलीचं तोंड मात्र मुद्दाम लहान ठेवतात, कारण रुंद तोंडातून गार हवा जास्त शिरते आणि धुराड्याची ओढ कमी पडते. निखारे बाहेर ओढले की त्यांचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड धुराड्याला न मिळता खोलीत सुटतात. त्या वायूला तर वासही नसतो. मला सुचतं ते असं: तोंड जरा रुंद ठेवून त्याला लोखंडी सरकतं झाकण करायचं, आणि तोंडावर पुढं आलेली छोटी टोपी बांधून ती त्याच धुराड्याला जोडायची. असं कुणी केलंय का? ओढ टिकते का? की भाकरी फुगवायला गॅसवरच न्यावी? सासूबाईंना ते पटणार नाही, पण त्यांच्याच छातीसाठी तेही करीन.

बांधकामाला आतून काय वापरावं? नुसतं सिमेंट सततच्या जाळानं तडकतं. आतून फायर ब्रिक आणि फायर क्ले (जाळ सोसणारी वीट आणि माती), बाहेरून साधी वीट, मध्ये भाताच्या तुसाची राख, असं मनात आहे. आपल्याकडं गुऱ्हाळांची चुलवाणं (उसाचा रस आटवायच्या मोठ्या भट्ट्या) बांधणारे कारागीर आहेत. त्यांना जाळाची आणि धुराड्याची ओढ कळते. पण चुलवाण उसाच्या वाळल्या चिपाडावर धडधडून पेटणारं, घरची चूल लहान. त्यांच्यापैकी कुणी घरगुती चूल बांधून दिली असेल तर अनुभव कळवा.

एक्झॉस्ट पंखा लावणार होतो. दारं-खिडक्या बंद असताना पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा धुराड्यातला धूर उलटा येऊ शकतो, म्हणून चूल पेटलेली असताना तो बंद आणि चुलीजवळ भिंतीत खाली हवेला कायमची जाळी, असं ठरवलंय. सिलिंडर बाहेर ठेवून पाइपनं गॅस आत घेणार, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरपटत जाळापर्यंत पोचतो.

थोडी भर, आलेले प्रतिसाद वाचून:

गोबरगॅस का नाही असं विचारलंय. एक घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो शेण लागतं. आमच्याकडं एकच म्हैस आहे, पुरणार नाही.

धुराड्याभोवती पाण्याची टाकी बसवून आंघोळीचं पाणी तापवायची सूचना चांगली आहे. पण धुरातली उष्णता जास्त काढून घेतली की ओढ मंदावते आणि काजळी साचते. म्हणून टाकी धुराड्याला न लावता वैलाच्या बाजूला, वरून उघडी ठेवावी असं वाटतं. ज्यांच्याकडं अशी आहे त्यांनी टाकीची जागा आणि माप सांगा.

ओल्या जळणाबद्दल ज्यांनी बजावलं त्यांचं बरोबर आहे. परड्यात पत्र्याखाली, जमिनीपासून उंच आणि दोन बाजूंनी मोकळी अशी जळणाची जागा करतोय, पावसाळ्याआधी फोडून रचायला.

ज्यांच्या घरी धुराड्याची चूल प्रत्यक्ष चालू आहे त्यांनी तोंडाचं माप, धुराड्याचा व्यास आणि स्लॅबच्या वरची उंची एवढं तरी लिहा. राधानगरी, भुदरगड, पन्हाळा भागात कुठं बघायला मिळणार असेल तर आम्ही दोघं येऊन बघू. पाया आखायच्या आधी चुलीची जागा पक्की करायची आहे.