क्षुद्रता, लघुता की थिटेपणा?

ओंजळ: नॉर्वेचे चित्रकार हाराल्ड सोलबर्ग यांच्या 'डोंगरातील हिवाळी रात्र' (१९१४) या प्रतीकवादी चित्रावरील लेखाचा मी अनुवाद करत आहे. ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयातील या चित्रात रोंडाने पर्वताची बर्फाच्छादित शिखरे निळ्या रात्रीत उभी आहेत, पुढे काळी निष्पर्ण झाडे आहेत आणि शिखरांमधल्या आकाशात एक ठळक तारा आहे. या दृश्यापुढे माणसाला स्वतःविषयी जे जाणवते, त्याला मी 'क्षुद्रता' म्हटले. संपादकांना तो शब्द अपमानकारक वाटतो आणि ते 'लघुता' सुचवतात, पण तो मला फार कोरडा वाटतो. आपण काय लिहाल?

जुनी शाई: 'क्षुद्र' हा शब्द 'क्षुद्', म्हणजे कुटणे, या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ बारीक, लहान एवढाच आहे. क्षुद्रान्त्र (लहान आतडे) किंवा क्षुद्रघंटिका (लहान घंटा) या शब्दांत तिरस्कार कुठे आहे? 'क्षुद्रता' निःशंकपणे ठेवावी.

कातळ: वाचकाला धातू नव्हे, 'क्षुद्र मनोवृत्ती' आठवते. हिंदीत ज्याला क्षुद्रग्रह म्हणतात त्याला आपण लघुग्रह म्हणतो, हे मला योग्यच वाटते. तरीही येथे मी 'थिटेपणा' लिहीन. आमची आजी झंपराचे कापड मोजताना "थिटं पडलं" म्हणायची, तेव्हा त्यात कापडाची निंदा नसे. सोलबर्ग यांनी रोंडाने १८९९ मध्ये पाहिला आणि हे चित्र पुरे व्हायला १९१४ उजाडले, म्हणजे त्या रात्रीपुढे त्यांचेही रंग वर्षानुवर्षे थिटेच पडत असले पाहिजेत.

जुनी शाई: थिटेपणा ही उणीव आहे. पर्वतापुढे माणूस लहान असतो, पण म्हणून तो उणा ठरत नाही.

सायली: मुळात या चित्रात माणूस आहेच कुठे? जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिख यांच्या 'समुद्रकाठचा भिक्षू' या चित्रात अफाट आकाशाखाली बोटभर माणूस उभा आहे, त्यामुळे तिथे लहानपण डोळ्यांना दिसते. सोलबर्ग यांनी माणूस काढलेला नाही, डोंगरावर फक्त बारीकसा क्रूस दाखवला आहे. त्यामुळे मला हे चित्र माणसाविषयीचे नव्हे, श्रद्धेविषयीचे वाटते.

कातळ: माणूस नाही म्हणूनच झाडांआडून पाहणारे आपण त्या जागी उभे राहतो. एका क्रुसावरून सगळे चित्र धार्मिक ठरवले, तर 'प्रतीक' आणि 'खूण' यांत फरक तो काय उरला?

सायली: खूण एकाच अर्थाकडे बोट दाखवते, तर प्रतीकात अनेक अर्थ मावतात, आणि त्यांत श्रद्धाही मावते. तिला बाहेर ठेवण्याचे कारण आधी सांगावे.