गेम सुरू असताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो

प्रश्न: दिवाळीत स्वतः जोडलेला पीसी आहे. वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकत एकेक पार्ट घेतला, म्हणून जीव तुटतो. ब्राउझर, व्हिडिओ तासन्‌तास चालतात. गेम लावला की वीसेक मिनिटांत स्क्रीन काळी आणि थेट रीस्टार्ट. निळी स्क्रीनही येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. ग्राफिक्स कार्ड ७२ अंशांवर. विंडोज दोनदा नव्याने टाकलं.

उत्तर: ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच. कारण त्यात कळत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करा आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी लावा.

प्रश्नकर्ता: दोन्ही केलं. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ, तरी काल पुन्हा गेला.

दुसरं उत्तर: ग्राफिक्स कार्डाच्या वीज घेणाऱ्या दोन ८-पिन सॉकेटना एकाच केबलचे दोन फाटे लावलेत का? एका ८-पिनचं प्रमाण १५० वॅटचं. गेममध्ये भार क्षणात उसळतो आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. सप्लायपासून दुसरी स्वतंत्र केबल ओढा. मात्र दुसऱ्या सप्लायची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल चुकूनही नको! पिनांची जोडणी वेगळी असू शकते, कार्ड जळेल.

प्रश्नकर्ता: एकच केबल होती! याच सप्लायच्या डब्यातली दुसरी लावली. तीन संध्याकाळी खेळलो, एकदाही बंद पडला नाही. एक्सएमपीही परत चालू केलंय. मनापासून आभार.