मदत हवी आहे: शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटांना वाळवी, तातडीने उपाय सांगा

सहशिक्षिका_दुपारसत्र | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. आमच्या मनपाच्या शाळेत ग्रंथालयाच्या कपाटांना वाळवी लागली आहे. शुक्रवारच्या आत काहीतरी करायचंय. पुस्तकं खराब न होता वाळवी जाईल असं औषध कोणतं? वर्गात मुलं बसतात, त्यांना त्रास व्हायला नको. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, इंटरनेटवरचं सगळं वाचून झालंय.

आंबेजोगाईकर | रात्री ९.५८

कपाट लाकडी की लोखंडी? भिंतीला टेकून आहे का? पुस्तकं किती? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

वेखंड_आणि_कापूर | रात्री १०.०५

डांबरगोळ्या टाका प्रत्येक कप्प्यात. आमच्या घरी तीस वर्षं हेच करतोय, एकाही पुस्तकाला काही झालेलं नाही.

आंबेजोगाईकर | रात्री १०.११

डांबरगोळ्यांनी वाळवी जात नाही हो. कसर दूर राहते फार तर. आणि मुलं बसतात त्या खोलीत डांबरगोळ्या अजिबात नकोत. तो वास नुसता वास नसतो, विषारी असतो. लहान मुलं गोळी समजून तोंडात पण घालतात.

वेखंड_आणि_कापूर | रात्री १०.१४

मग कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. आमची आजी धान्यात ठेवायची.

सहशिक्षिका_दुपारसत्र | रात्री १०.३०

लोखंडी कपाटं, चार. भिंतीला टेकून. खालच्या कप्प्यातून मातीच्या रेघा वर चढल्यात. एक पुस्तक हातात घेतलं, वरून धड दिसत होतं, उघडलं तर आतली पानं जाळीसारखी, माती भरलेली. कृपया औषधाचं नाव सांगा.

गोदातीर | रात्री १०.५२

मी माध्यमिक शाळेत ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. मॅडम, पुस्तकांवर औषध मारायचंच नाही. तुम्ही सांगताय ती मातीतली वाळवी. तिचं वारूळ पुस्तकात नाही, जमिनीखाली किंवा भिंतीत आहे. रेघ मोडलीत तर ती दुसरीकडून येईल. क्रम असा ठेवा: आधी कपाटं रिकामी करा आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढा. भिंतीच्या कडेला आणि फरशीच्या फटीत औषध घालायचं काम माणूस बोलावूनच करा, तेही शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर, म्हणजे रविवारी खोली मोकळी राहील. पायांखाली वाट्या ठेवून त्यात थोडं जळकं तेल घाला, ही जुनी युक्ती अजून चालते. पुस्तकं सावलीत, वाऱ्याला पसरून मऊ ब्रशने झाडा. उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या उन्हात दोन दुपारीत कागद पिवळा पडून पापडासारखा होतो.

पण मला एक विचारायचंय. शुक्रवारच का?

सॉफ्टवेअर_सं.नगर | रात्री ११.०३

खरा उपाय एकच, सगळं डिजिटल करा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, प्रत्येक पुस्तकाला बारकोड लावा, कुठलं पुस्तक कुठे ते एका क्लिकवर. मी एका कॉलेजला बसवून दिलंय.

शब्बीर_मास्तर | रात्री ११.२०

सर, मनपाच्या शाळेत संगणक एक असतो, तो ऑफिसात आणि त्यावर यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरणं चालू असतं. बारकोड कुठे लावता?

मॅडम, आमच्या इमारतीत सकाळी उर्दू माध्यम, दुपारी मराठी. कपाटं तीच. तुमच्याकडे पण दोन सत्रं असतील तर चावी कोणाकडे आहे ते आधी बघा. आमच्याकडे दोन वर्षं त्याच भांडणात गेली.

सहशिक्षिका_दुपारसत्र | मंगळवार, सकाळी ७.१५

गोदातीर सर, शुक्रवारी मला चार्ज यादीवर सही करायची आहे. ग्रंथालयाचा प्रभार माझ्याकडे येतोय. आधीच्या बाईंची जूनमध्ये बदली झाली. वाळवी दिसू नये म्हणून त्याआधी साफ करायचं होतं.

गोदातीर | सकाळी ७.३१

थांबा. काहीही साफ करू नका. हे काल पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं.

यादीत किती पुस्तकं आहेत आणि कपाटात प्रत्यक्ष किती आहेत? तुम्ही मोजलीत का?

मोंढेकर | सकाळी ८.०२

ताई, सही करू नका बगा. माझं लेकरू पण मनपाच्याच शाळेत आहे, मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. आमच्या इथल्या सरांनी न मोजता सही केली अन् ऑडिटला पुस्तकं कमी निघाली. पगारातून भरून घेतले. तेव्हापासून कपाटाला कुलूप लागलं ते लागलंच. लेकरं मागायलेत, सर म्हणायलेत, "हरवलं तर कोण भरणार?" सरांचं तरी काय चुकलं?

सहशिक्षिका_दुपारसत्र | दुपारी १.१०

आज मधल्या सुट्टीत मोजली. नोंदवहीत ११४० आहेत. कपाटांत ७१२ सापडली, त्यातली साठेक वाळवीने गेलेली. बाकीची कुठे आहेत कोणालाच माहीत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "सही करा, कपाट बंद ठेवा, कोणी विचारत नाही."

मला हेच पटत नाहीये. सातवीतली एक मुलगी आहे. कपाटाला काच आहे, ती रोज काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचते. कुठल्या कप्प्यात काय आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. काल मला म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या खणातलं निळं कधी काढणार?" तिच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय एक छापील कागद नाही. वडील मोंढ्यात हमाली करतात. मला ते कुलूप उघडायचंय आणि माझा पगारही वाचवायचाय. दोन्ही होऊ शकतं का एवढंच सांगा.

पुणेरी_वाचक | दुपारी १.४०

कोणत्या शहरातली शाळा? त्या मनपाच्या आयुक्तांना एक्सवर (ट्विटरवर) टॅग करूया. कारवाई झाली पाहिजे.

सहशिक्षिका_दुपारसत्र | दुपारी १.४४

शहराचं नाव देणार नाही. मला तिथे रोज काम करायचंय. मला कारवाई नको, कुलूप उघडायला हवंय.

परीक्षार्थी_परभणी | दुपारी २.२०

मनपा शाळेत ग्रंथपालाची भरती निघणार आहे का? माझं बी.लिब. झालंय.

गोदातीर | दुपारी ३.०५

@परीक्षार्थी, ग्रंथपालाचं पद माध्यमिक शाळेला असतं, तेही पटसंख्येवर. आठवीपर्यंतच्या शाळेला ते पदच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलंय. पण ते चालवणारा माणूस त्या यादीत नाही. म्हणून हे काम मॅडमसारख्यांच्या गळ्यात येतं, वर्ग सांभाळून.

मॅडम, दोन्ही होऊ शकतं. नीट ऐका.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: प्रभार घेण्यापूर्वी प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. मुख्याध्यापक, एखादे ज्येष्ठ शिक्षक आणि समितीचा एक पालक, एवढ्यांनी पंचनामा करावा. त्यात तीन आकडे वेगवेगळे लिहा: प्रत्यक्ष हजर, वाळवीने निकामी, आढळली नाहीत. वाळवीच्या कपाटाचे फोटो आजच काढा, माती तशीच असताना. म्हणूनच साफ करू नका म्हटलं. सही करताना यादीवर "प्रत्यक्ष आढळलेल्या ७१२ पुस्तकांचाच प्रभार घेतला" असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा. निकामी पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत, जाळायची नाहीत. ती गठ्ठे बांधून बाजूला ठेवा, निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वर पाठवा. शाळेचा शिक्का असलेलं पुस्तक रद्दीच्या दुकानात सापडलं तर तुमचंच नाव येईल.

वेखंड_आणि_कापूर | दुपारी ३.३०

वाळवीची पुस्तकं ठेवली तर चांगल्यांना लागेल ना?

गोदातीर | दुपारी ३.३४

दुसऱ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवायची. आधी झाडून.

सॉफ्टवेअर_सं.नगर | दुपारी ४.००

मी परत सांगतो, कोहा नको तर निदान एक्सेल करा. आणि कागदी पुस्तकांचा हट्ट तरी का? स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, बालभारतीच्या "किशोर"चे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. एक टॅब घेतला की ग्रंथालय झालं.

शब्बीर_मास्तर | दुपारी ४.२५

किशोरचे जुने अंक खरंच छान आहेत, मी प्रिंट काढून भिंतीला लावतो. पण सर, टॅब एक आणि मुलं पन्नास. त्या मुलीला निळं पुस्तक दप्तरात टाकून घरी न्यायचंय. टॅब कोण घरी देणार आहे?

सॉफ्टवेअर_सं.नगर | दुपारी ४.३१

हा मुद्दा मान्य.

निवांत_लातूर | संध्याकाळी ६.१०

थोडं विषयांतर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कारभाराची भाषा उर्दू. मराठी पुस्तक मिळवणं हीच मोठी गोष्ट होती. माझे आजोबा सांगायचे, गावातल्या वाचनालयात एक पुस्तक दहा घरांत फिरायचं, हरवलं म्हणून कोणी दंड केला नाही. त्या माणसांनी दाराला कुलूप लावलं नाही आणि आज आपण लावतो, हे वाचून फार वाईट वाटलं.

मोंढेकर | संध्याकाळी ६.४०

काका, तुमचं खरं आहे. पण तेव्हा ऑडिट नव्हतं.

आंबेजोगाईकर | संध्याकाळी ७.०२

जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा ना मॅडम. त्यांच्याकडे पुस्तकांची योजना असते.

गोदातीर | संध्याकाळी ७.२५

ती सार्वजनिक ग्रंथालयांसाठी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली अ, ब, क, ड वर्ग करून अनुदान मिळतं ते त्यांना. शाळेचं कपाट त्यात येत नाही. शाळेला पैसा समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून येतो. २०१८ च्या आराखड्यात ग्रंथालय अनुदान पहिली ते पाचवीच्या शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, सहावी ते आठवीला १०,००० पर्यंत आणि पहिली ते आठवी सलग असेल तर १३,००० पर्यंत. मॅडमनी गेल्या काही वर्षांचं विचारावं: आलं का, आलं असेल तर कोणती पुस्तकं घेतली, ती ७१२ मध्ये आहेत का.

आता हरवण्याच्या भीतीबद्दल. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम २१५ आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तिथे वाजवी धरलंय, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची मात्र चौकशी होते. नियम केंद्राचा आहे, मनपाला आपोआप लागू नाही. पण समितीच्या बैठकीत तो समोर ठेवून ठराव करून घ्या: मुलांना घरी पुस्तकं द्यायची, देवघेव वही ठेवायची, वर्षाअखेर मोजायची, एवढी तूट समिती मान्य करेल. इतिवृत्तात आलं की कुलपाची जबाबदारी एकट्या मॅडमवर राहत नाही. माझ्या शाळेत मी असाच ठराव करून घेतला होता आणि नंतर निवृत्त होईपर्यंत कधी कपाट बंद ठेवलं नाही.

मोंढेकर | संध्याकाळी ७.५०

सर, हा ठराव आमच्या समितीत मी मांडतो. नियम नंबर २१५, लिहून घेतला.

वेखंड_आणि_कापूर | रात्री ८.१५

पुस्तकांना खाकी कव्हर घालावं की प्लास्टिकचं?

आंबेजोगाईकर | रात्री ८.२०

खाकी. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

सहशिक्षिका_दुपारसत्र | शनिवार, सायंकाळी ५.३५

उशिरा लिहितेय, तीन दिवस श्वास घ्यायला वेळ नव्हता.

अर्ज दिला. मुख्याध्यापक आधी चिडले, मग फोटो दाखवले तेव्हा गप्प बसले. पंचनामा काल झाला, समितीवर एक म्हाताऱ्या आजीबाई सदस्य आहेत, त्यांनी अंगठा दिला. मोजणी परत केली तर ७०९ आली, तीन मी दोनदा मोजली होती. यादीवर ७०९ लिहून सही केली. निकामी धरली ६३. औषधवाला आज येऊन गेला, खोली सोमवारपर्यंत बंद.

ठराव अजून झालेला नाही. बैठक या महिन्याच्या शेवटी आहे. मुख्याध्यापक म्हणाले, तोवर माझ्या जबाबदारीवर द्यायची तर द्या. मी शंभर पुस्तकं वेगळी काढलीत, वही आखलीय, सोमवारपासून सातवीला देणार.

आता नवीन प्रश्न. तिसऱ्या खणातलं निळं पुस्तक वाळवीच्याच रेघेत होतं. शेवटची पानं गेलीत, मुखपृष्ठाचा अर्धा भाग गेलाय. मी तिला दाखवलं. तिने हात लावायच्या आधी फ्रॉकला हात पुसले. पक्ष्यांवरचं आहे, प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली चार ओळी. पंचनाम्यात ते निकामीत गेलंय, म्हणून तिला देता येत नाही. पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. नोंदवहीत त्या दाखल क्रमांकापुढे फक्त "पक्षी, सचित्र, २ रु." एवढंच आहे. इतक्या कमी किमतीचं म्हणजे बरंच जुनं असणार. कोणाला ओळखता येईल का? दयाळ पक्ष्याच्या चित्रात मागे आडाचा रहाट आहे.

शब्बीर_मास्तर | सायंकाळी ५.५०

मॅडम, आतलं कुठलंही धड पान, शक्यतो पहिलं, त्याचा फोटो टाका. मुद्रकाचं नाव खाली बारीक अक्षरात असतं.

निवांत_लातूर | सायंकाळी ६.१५

रहाटाचं चित्र मी लहानपणी पाहिल्यासारखं वाटतंय. माळ्यावर एक पेटी आहे, उद्या खाली काढून बघतो. फोटो नक्की टाका.