मदत हवी आहे: कंपनी सरकारचं ठासणीचं पिस्तूल, नळीत जुना बार तसाच भरलेला असेल का?

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. आधी थोडी पार्श्वभूमी देतो, घाईत असाल तर खाली दांडीचं लिहिलंय तेवढं वाचा.

मी इंग्लंडात मिडलंड्सकडे राहतो. जुनी लष्करी एकबारी पिस्तुलं, म्हणजे एक गोळी झाडली की संपलं, परत दारू ओता परत ठासा, असली पिस्तुलं गोळा करायचा नाद आहे. बजेट बेताचं असल्यामुळे आतापर्यंत तीनच जमली होती. क्लबात दोन वर्षं नेमबाजी करतोय, पण ती नवीन बनावटीच्या नकलेवर, ती माझ्या फायरआर्म सर्टिफिकेटवर (हत्याराच्या परवान्यावर) रीतसर चढवलेली आहे.

चौथं पिस्तूल गेल्या महिन्यात एका लिलावातून घेतलं आणि ते ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडदळाचं आहे. लॉकच्या (घोडा आणि चाप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, पंजात मुकुट आणि साल १८५२. (कंपनीच्या हत्यारांवर १८०८ च्या सुमारापर्यंत बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा, सिंह त्यानंतरचा.) नळी नऊ इंची, आतून गुळगुळीत, तोंडाचं माप ०.६५ इंच म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. दस्त्याला पितळी टोपण आणि खाली दोरी अडकवायची कडी. नेम धरायला माशी वगैरे काही नाही, कारण हे दहा-पंधरा पावलांवरून झाडायचं आणि मग तलवार काढायची, एवढंच त्याचं काम. गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने कायमचा जोडलेला आहे, घोड्यावर बसून ठासताना हातातून निसटला तर सवार खाली उतरून शोधणार का, म्हणून ही सोय.

कुठल्या पलटणीचं ते कळायला काही खूण नाहीये. मुंबई, मद्रास, बंगाल, कुठलंही असू शकतं. पण मी मूळचा सिंधुदुर्गातला, त्यामुळे मनात उगाच येतं की मुंबई इलाख्यातल्या एखाद्या सवाराकडे असेल, तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीने १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबला पायदळाचा चौकोन फोडला होता, तीच पलटण पुढे १९२१ मध्ये पूना हॉर्समध्ये मिसळली. पुरावा शून्य आहे, पण हातात घेतल्यावर हेच मनात येतं.

आता मुद्दा. हे झाडायचंच अशी माझी इच्छा होती, म्हणून गोळी कुठल्या मापाची लागेल ते बघायला शनिवारी नळी मोजायला घेतली. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची केपाची (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीची) ठासणीची बंदूक होती, माकडं आणि रानडुकरांसाठी. ते बंदूक खुंटीवरून काढली की आधी गज नळीत सोडायचे, तोंडाशी अंगठा धरायचे आणि तसाच गज बाहेरून नळीला लावून बघायचे, गजाचं टोक कानापर्यंत, म्हणजे मागच्या पेटवायच्या भोकापर्यंत, पोचलं तर रिकामी, अलीकडे थांबलं तर भरलेली. मी नुसत्या सवयीने तेच केलं. एक आठ मिलिमीटरची लाकडी दांडी आत सोडली, तोंडाशी पेन्सिलीने रेघ मारली, बाहेर काढून नळीशेजारी ठेवली. टोक निपलच्या (केप बसवायच्या छोट्या पोकळ खुंटीच्या) मागे असलेल्या तळापर्यंत जायला हवं होतं, ते सव्वा इंच अलीकडेच थांबलं. तीनदा मोजलं, तीनदा तेच. दांडी आपटली की खणखणीत आवाज येत नाही, मऊसर ठप्प असा येतो.

आणि खरी भीती पुढे आहे. पिस्तूल आणल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने टेबलावरून उचलून दोन्ही अंगठ्यांनी घोडा चढवला आणि चाप ओढला होता. निपलवर केप नव्हती म्हणून नुसता टक् आवाज झाला आणि आम्ही हसलो. तेव्हा नळीचं तोंड धाकटीच्या पाळण्याच्या दिशेला होतं. शनिवारी रेघ बघितल्यावर हे आठवलं आणि हातपाय गार पडले. लिलावाच्या कागदावर लॉक चांगला चालतो एवढंच लिहिलं होतं, नळी बघितली की नाही त्याबद्दल अक्षर नाही.

तर विचारायचं असं, की आत खरंच गोळी आणि दारू असेल का नुसता गंजाचा लगदा साचला असेल, पावणेदोनशे वर्षांची दारू अजून जिवंत राहते का, हे घरी काढता येईल का, आणि निघालं तर नंतर हे पिस्तूल झाडायच्या लायकीचं असेल का? निपल पण गंजून बसलंय, पान्याने हललं नाही, जोर लावला नाही.

लीड्सकर:
सगळ्यात आधी पान्याला परत हात लावू नका. पिस्तूल कुलपात ठेवा, नळीचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे आणि मुलांची खोली त्या बाजूला नको. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, आणि कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांचे बार निघालेत आणि पेटलेतही. तेव्हा "एवढी जुनी आहे, मेली असेल" हे डोक्यातून काढून टाका.

तेल ओतून भागत नाही. तेलात भिजलेली दारूही पेटू शकते. पाणी लागतं, कारण सोरा पाण्यात विरघळतो आणि सोरा गेला की उरतो तो नुसता काळा चिखल. पण नीट भिजायला हवी आणि काढेपर्यंत ओलीच राहायला हवी, अर्धवट भिजून परत वाळली तर पुन्हा भरवसा नाही. आणि ड्रिल, गॅसची शेगडी, काँप्रेसरची हवा यातलं काही नाही म्हणजे नाही. हवेने गोळी सुटली तर ती बंदुकीच्या गोळीसारखीच सुटते.

जुनानेम:
धागाकर्ते, तुमचा सव्वा इंचाचा आकडाच उत्तर देतोय. सव्वा इंच म्हणजे जवळपास ३२ मिलिमीटर. तुमच्या नळीत बसणारी गोळी असेल साधारण १६ मिलिमीटरची. ३५ ग्रेन (सुमारे सव्वादोन ग्रॅम) दारू त्या व्यासाच्या नळीत भरली तर ती अंदाजे ११ मिलिमीटर उंच बसते. झाले २७. उरलेले पाच कागदाचे, कारण काडतूस कागदाचं असायचं आणि दारू ओतल्यावर तोच कागद गोळीबरोबर खाली ठासायचे. गंज इतका हिशोबात बसत नाही हो. मला वाटतं लढाईचा पूर्ण बार आहे.

आणि मऊ ठप्प आवाज म्हणजे शिसं. लोखंडी तळाला दांडी लागली असती तर आवाज टणक आला असता.

मालवणी_माणूस:
विषयाला थोडं सोडून, पण आमच्या घरी माळ्यावर असंच एक आहे, पणजोबांचं, घोडा तुटलेला, नळी वाकलेली. भारतात ठेवलं तर चालतं का?

जुनानेम:
१९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा हत्यारापुरती. वापरता येण्यासारखं असेल तर सूट नाही. हे आपण आपलं ठरवायचं नसतं, जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. आणि शंभर वर्षांवरचं असेल तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यामुळे ते परदेशी पाठवता येत नाही, कोणी भाचा-पुतण्या मागत असेल तर सांगून ठेवा. आणि हो, आधी गज टाकून बघा.

धागाकर्ता:
लीड्सकर, जुनानेम, मनापासून आभार. हिशोब वाचून दोन रात्री धड झोप नाही. पिस्तूल गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात आहे. मुलाला ओरडलो नाही, चूक माझी होती, पण त्याला बसवून दांडी टाकून दाखवली आणि रेघ दाखवली. तो म्हणाला, म्हणजे आत कोणीतरी ठेवून दिलेली गोळी आहे का बाबा. हो म्हटलं.

लीड्सकर:
बरं केलंत. आता काळ्या दारूची हत्यारं रोज हाताळणारा बंदूक कारागीर शोधा, नुसता नव्या शॉटगन दुरुस्त करणारा नको. त्याला आधी फोन करा, भरलेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, तसंच गाडीत टाकून दारात जाऊन उभे राहू नका. कोणी घ्यायला तयार नसेल तर पोलिसांचा १०१ हा फोन नंबर आहे.

तो बहुतेक असं करेल: आधी तोंडाकडून आणि निपलच्या भोकातून पाणी मुरवत ठेवेल दोन-चार दिवस. मग निपल काढून त्याच आट्यात ग्रीस गनचं तोंड बसवेल आणि ग्रीस भरत जाईल. ग्रीस दाबलं जात नाही आणि हवेसारखं उसळतही नाही, त्यामुळे गोळी आपली टूथपेस्टसारखी हळूहळू पुढे सरकत तोंडातून बाहेर येते. स्क्रू फिरवून गोळी ओढायची पद्धत पण आहे, पण इतकी वर्षं चिकटून बसलेल्या गोळीला ती कमी पडते. नळीचा मागचा प्लग काढू देऊ नका, आटे तुटतात आणि तिथले शिक्के खराब होतात.

झाडायचं म्हणाल तर कायद्याचं तुम्हाला माहीत असेलच तरी बाकीच्यांसाठी लिहितो. इथे असं जुनं हत्यार संग्रहात किंवा शोभेला ठेवायला १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८(२) मुळे लायसन्स लागत नाही. झाडायचा विचार केला की ही सूट संपली, आधी ते फायरआर्म सर्टिफिकेटवर चढवायचं. १९९७ च्या पिस्तूलबंदीतून ठासणीची हत्यारं वगळली म्हणून हे शक्य तरी आहे. दारू घ्यायला आणि ठेवायला पोलिसांचं वेगळं एक्स्प्लोझिव्ह सर्टिफिकेट.

जुनानेम:
स्पर्धेचा विचार असेल तर हे पिस्तूल त्या कामाचं नाही. ठासणीच्या जागतिक स्पर्धांमध्ये चकमकीच्या पिस्तुलाला कोमिनात्सो आणि केपाच्या एकबारीला कुखेनरॉयटर असे प्रकार आहेत, २५ मीटरवर अर्ध्या तासात १३ गोळ्या, त्यातल्या चांगल्या १० धरायच्या. तिथे लोक बारीक नेमाची, हलक्या चापाची टार्गेट पिस्तुलं आणतात. घोडदळाचा चाप ओढायला अख्खा हात लागतो. पण क्लबात मोठ्या कागदावर दहा मीटरवरून २५ ग्रेन दारू आणि चरबी लावलेल्या कापडात गुंडाळलेली गोळी, त्याचा आनंद वेगळाच असतो. जाड पांढरा धूर, सडक्या अंड्याचा वास, आणि घरी येऊन उकळत्या पाण्याने नळी धुणं, कारण न धुता ठेवली तर क्षार ओल धरतात आणि रात्रीत गंज चढतो.

धागाकर्ता (अपडेट, तीन आठवड्यांनी):
निघाली!

कारागीर म्हातारे आहेत, फोनवर भरलेलं आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारला, केप आहे का वर. नाही म्हटल्यावर म्हणाले ये. पाच दिवस पाण्यात ठेवलं. निपल काढताना आट्याची एक फेरी गेली, त्याचं पुढे बघू. ग्रीस भरताना मी शेजारी उभा होतो, पंपाचा दांडा सात-आठ वेळा खाली गेला तरी काहीच नाही, मग आतून बारीक करकर आवाज आला आणि तोंडातून आधी तपकिरी पाणी, मग कागदाचा एक गोळा, आणि मग शिशाची गोळी अर्धी बाहेर येऊन थांबली, एकदम राखाडी, वर पांढरी बुरशीसारखी भुकटी. त्यांनी बोटाने काढून माझ्या तळहातावर ठेवली. पंचवीस ग्रॅम भरली. एका बाजूला गज ठासल्याचा गोल ठसा आहे, अगदी स्पष्ट, कडेला थोडा कललेला. ज्याने ठासली त्याचा हात जरा तिरका होता. मागोमाग काळा चिखल आला, तो त्यांनी बादलीत पाण्यात सोडला.

जुनानेम, तुमचा हिशोब तंतोतंत निघाला, कागदासकट.

आता वाईट बातमी. नळीत कॅमेरा घालून बघितलं तर पुढची सात इंच सुरेख आहे, पण जिथे बार बसला होता तिथे दारूतल्या क्षारांनी आणि ओलीने धातू खाल्लाय, खड्डे खोल आहेत, आणि झाडताना सगळा दाब नेमका तिथेच येतो. ते म्हणाले बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसला पाठवून जादा बार भरून परीक्षा करता येईल, पण फुटली तर तुकडे घरी न्यावे लागतील. मी नाही म्हटलं. एकदाही झाडायला मिळणार नाही याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण सिंह आणि ते साल असलेल्या पिस्तुलाची नळी फाडायची माझी हिंमत नाही. कागदाचा गोळा वाळवून गोळीसोबत काचेच्या डबीत ठेवलाय, कपाटात, पिस्तुलाशेजारी.

आता पुढची मदत हवी आहे. झाडण्यासाठी म्हणून वेगळं अस्सल केपाचं लष्करी पिस्तूल घ्यायचं ठरवलंय, इंग्लिश चाललं तर उत्तम, नाहीतर युरोपातलं कुठलंही. लिलावात हातात घेऊन बघायला पाच मिनिटं मिळतात. दांडी तर मी खिशातच ठेवणार आहे आता. पण नळीचा मागचा भाग आतून खाल्लेला आहे का हे कॅमेऱ्याशिवाय कसं ओळखायचं? निपलचं भोक किती मोठं झालेलं चालतं? आणि कोणाकडे १८५० च्या आसपासच्या कंपनीच्या निपलच्या आट्याचं नेमकं माप असेल तर प्लीज टाका, नवीन करून बसवायचंय, न झाडण्यासाठी का होईना.